भाड्याचा कट्टा

३१ मार्च म्हटलं की आपल्याकडे काय आठवतं? हिशेबाच्या वह्या बंद करायची घाई, टॅक्स वाचवायला शेवटच्या दिवशी केलेली गुंतवणूक, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या काकांचं रात्री अकराला घरी येणं. सोनी कंपनीचं आर्थिक वर्षही याच दिवशी संपतं. २०१५ सालच्या ३१ मार्चला सोनीने वह्यांबरोबर एक अख्खं गावही बंद केलं. गावाचं नाव ‘प्लेस्टेशन होम’.

‘गाव’ हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. प्लेस्टेशन ३ या कन्सोलवर चकटफू मिळणारं ते एक त्रिमित जग होतं. आपल्यासारखा (किंवा आपण जसे असावं असं वाटतं तसा :-) ) एक अवतार बनवायचा, त्याला कपडे घालायचे आणि चौकात जाऊन उभं राहायचं. चौकात तुमच्यासारखेच आपापल्या घरी सोफ्यावर बसलेले लोक अवतार घेऊन फिरत असायचे. बोलिंगची जागा होती, थिएटर होतं, मॉल होता, आणि प्रत्येकाला बंदराकाठची एक खोली मिळायची. गेम म्हणावा तर जिंकण्यासारखं काहीच नाही. जायचं, हिंडायचं, नाचायचं, गप्पा मारायच्या आणि परत यायचं. थोडक्यात काय, तर कट्टा.

कन्सोलवाल्यांसाठी असे कट्टे बांधायचा उद्योग गेली तीस वर्षं चालू आहे. सेगा, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट, सोनी, सगळ्यांनी आपापल्या परीने हात मारून पाहिला. हा इतिहास वाचताना दोन प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिले. एक, पडद्यातल्या जागेत माणसं नेमकी कशामुळे जमतात? आणि दोन, जागा बंद झाल्यावर मागे काय उरतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी जरा मनावर घ्यावं असं आहे, म्हणून हा लेख.

सुरुवात ‘अवतार’ या शब्दापासूनच करू. आपल्या पुराणांतला हा शब्द पडद्यावरच्या बाहुल्याला चिकटला तो अमेरिकेत. ‘लुकासफिल्म’ या ‘स्टार वॉर्स’वाल्या कंपनीच्या गेम विभागाने १९८० च्या दशकात ‘हॅबिटॅट’ नावाचं एक जग बनवलं. ते कन्सोलवर नव्हे, कमोडोर ६४ या घरगुती संगणकावर चालायचं, आणि टेलिफोनच्या तारेवरून. ज्या सेवेवर १९८६ मध्ये त्याची चाचणी झाली, ती कंपनी पुढे ‘अमेरिका ऑनलाइन’ झाली. त्यातल्या माणसांना ‘अवतार’ म्हणायचं ठरवलं चिप मॉर्निंगस्टार यांनी. देव जसा वरून खाली उतरतो, तसा खेळणारा त्या जगात उतरतो, असा काहीसा विचार. आपल्याला अगदी पटण्यासारखा.

मॉर्निंगस्टार आणि त्यांचे सहकारी रँडी फार्मर यांनी नंतर या अनुभवावर एक निबंध लिहिला. त्यातला एक किस्सा फार बोलका आहे. लोकांना काहीतरी उद्योग हवा म्हणून यांनी आठवडेच्या आठवडे खपून खजिना शोधायचा एक खेळ रचला. वाटलं, लोक कित्येक दिवस गुंतून राहतील. एका माणसाने महत्त्वाचा धागा पहिल्या पंधरा मिनिटांत ओळखला आणि साधारण आठ तासांत खजिना काढला. बाकीचे लोक अजून सुरुवातच करत होते! निष्कर्ष असा, की तुम्ही ठरवाल तसं लोक वागत नाहीत. जागा द्या, वस्तू द्या, मग लोक काय करतात ते बघा आणि त्यांच्या मागे जा. हा धडा नंतर प्रत्येक कंपनीने स्वतःच्या पैशाने पुन्हा एकदा शिकून घेतला.

कन्सोलवर हे प्रकरण आलं १९९४ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या ‘कॅटापल्ट’ नावाच्या छोट्या कंपनीने ‘एक्सबँड’ नावाचा मोडेम काढला. वेग किती? २४०० बिट्स प्रतिसेकंद! आज व्हॉट्सॲपवरचा एक ‘गुड मॉर्निंग’चा फोटो त्यावरून यायला कित्येक मिनिटं लागली असती. पण कल्पना बघा. हा मोडेम सेगाचं कन्सोल आणि गेमचं कार्ट्रिज यांच्या मध्ये बसायचा. मूळ गेम दोन माणसांनी एका खोलीत खेळायचा. एक्सबँड फक्त एवढंच करायचा, की इकडच्या कंट्रोलरची दाबलेली बटणं तिकडे पाठवायची आणि तिकडची इकडे. दोन गावांतली दोन कन्सोल्स एकच डाव समांतर खेळायची. चित्र पाठवायचं नाही, फक्त बटणं. कमी बँडविड्थमध्ये याहून देखणं इंजिनिअरिंग मी क्वचित पाहिलंय.

गंमत म्हणजे त्यात निव्वळ खेळ नव्हता. टोपणनाव घ्यायचं, एक चित्र निवडायचं, स्वतःबद्दल दोन ओळी लिहायच्या, एकमेकांना पत्रं पाठवायची. त्या काळात अमेरिकेतसुद्धा शाळकरी पोरांकडे ई-मेल कुठला! त्यातल्या कित्येकांचा पहिला ‘इनबॉक्स’ हा टीव्हीला जोडलेल्या गेमच्या डब्यात असणार.

इथे एक तांत्रिक बारकावा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. प्रत्यक्ष खेळ थेट दोन घरांमध्ये व्हायचा, एक मोडेम दुसऱ्याला फोन लावायचा. पण कुणी कुणाला फोन लावायचा ते कंपनीचा सर्व्हर सांगायचा. म्हणजे रस्ता लोकांचा आणि पत्त्यांची वही कंपनीची. १९९७ मध्ये सेवा बंद झाली, वही गेली आणि हजारो घरांतले मोडेम दुसऱ्या दिवशी नुसते प्लास्टिकचे ठोकळे झाले.

तिकडे जपानमध्ये निन्टेन्डोने वेगळीच वाट धरली. २३ एप्रिल १९९५ ला ‘सॅटेलाव्ह्यू’ सुरू झालं. सुपर फॅमिकॉम कन्सोलच्या खाली बसणारा एक जोड-डबा, आणि त्यात ‘सेंट गिगा’ नावाच्या उपग्रह रेडिओ कंपनीकडून गेम्स प्रसारित व्हायचे. आकाशवाणीवर जसा ठरलेल्या वेळी कार्यक्रम लागतो, तसा ठरलेल्या वेळी गेम लागायचा. काही गेम्समध्ये निवेदकांचा आवाज त्याच वेळी उपग्रहावरून यायचा. त्याच साली ऑगस्टमध्ये ‘झेल्डा’ या प्रसिद्ध खेळाची अशी आवृत्ती आली. देशभरातली पोरं एकाच तासात, एकाच आवाजाच्या सूचना ऐकत, आपापल्या घरी तोच खेळ खेळत होती. एकमेकांशी बोलता येत नव्हतं, पण ‘आत्ता सगळे हेच करतायत’ ही जाणीव होती. रविवारी सकाळी ‘महाभारत’ लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे असं आई-बाबा सांगतात ना, तसंच काहीसं.

आणि या सगळ्याचा मेनू म्हणजे काय, तर एक गाव! तुमचा छोटा बाहुला गावात चालत फिरायचा, एकेका इमारतीत शिरला की एकेक कार्यक्रम. या गावाच्या गोष्टीचं नाव होतं ‘नाव चोरीला गेलेल्या गावाची कहाणी’. नावाइतकंच खरं पुढे घडलं. ३० जून २००० ला प्रसारण थांबलं. गाव कार्ट्रिजमध्ये असल्यामुळे राहिलं, पण त्यातल्या इमारती रिकाम्या झाल्या. गेम्स तेवढे ८ मेगाबिटच्या (म्हणजे एक एमबीच्या) छोट्या मेमरी पॅकवर साठवले जायचे. नवीन उतरवला की बऱ्याचदा जुना पुसावा लागायचा. आज हौशी लोक जपानी लिलावांतून असे जुने पॅक विकत घेतात आणि आत कुणाच्या तरी हातून पुसायचं राहून गेलेलं काही सापडतंय का ते बघतात. बरेच गेम्स असे परत मिळाले. पण निवेदकांचे ते आवाज पॅकवर साठतच नव्हते. कुणी तेव्हा टेपवर ध्वनिमुद्रण करून ठेवलं असेल तेवढंच आज ऐकायला मिळतं, बाकी हवेत विरलं.

आता खऱ्या अर्थाने कट्टा जमला तो सेगाच्या ड्रीमकास्टवर. १९९८ मध्ये जपानमध्ये आलेल्या या कन्सोलबरोबर मोडेम मिळायचाच. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा ऑनलाइनच्या बाबतीत अगदी आग्रही होते. त्या आग्रहातून यूजी नाका यांच्या ‘सोनिक टीम’ने डिसेंबर २००० मध्ये ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ काढला. चार जणांनी मिळून राक्षस मारायचे, हे त्याचं अधिकृत काम. पण त्याआधी सगळे एका लॉबीत जमायचे, आणि लोक रमले ते तिथे.

या खेळातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे भाषेवर काढलेला तोडगा. जपानी, अमेरिकन, युरोपीय असे सगळे एकाच लॉबीत. मग बोलणार कसं? त्यांनी तयार वाक्यांची एक यादी दिली. तुम्ही तुमच्या भाषेत वाक्य निवडा, समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसेल. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश, अशा पाच भाषा. यंत्रानुवाद वगैरे काही नाही, साधं टेबल लुकअप! याशिवाय गोल, रेषा, चौकोन जोडून स्वतःची चिन्हं बनवायची सोय होती. लोकांनी त्यातून हसरे चेहरे, प्राणी आणि अर्थातच नको नको ती चित्रं बनवली :-). ओसाकातला शाळकरी मुलगा आणि टेक्ससमधला ट्रक ड्रायव्हर एकमेकांच्या भाषेतला एक शब्दही न शिकता एकत्र लढू शकतात, ही गोष्ट २००० साली साधी नव्हती.

दैव बघा. जानेवारी २००१ मध्ये हा खेळ अमेरिकेत पोहोचला आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सेगाने ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. मार्चमध्ये ओकावा गेले. अधिकृत सर्व्हरही यथावकाश बंद झाले. पण लोक गेले नाहीत. त्यांनी सर्व्हरशी होणारं संभाषण ऐकून ऐकून स्वतःचे सर्व्हर लिहिले, आणि ते आजही चालू आहेत. डायल-अप इंटरनेट देणाऱ्या कंपन्या उरल्या नाहीत तेव्हा एक भन्नाट उपाय निघाला. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि एक यूएसबी मोडेम घ्यायचा, आणि तो ड्रीमकास्टला खोटा डायल टोन ऐकवतो! बिचाऱ्या ड्रीमकास्टला वाटतं टेलिफोन एक्स्चेंज अजून आहे. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून नातवाने जुन्या पोस्टमनचा आवाज काढावा, तसं काहीसं.

यानंतर मायक्रोसॉफ्ट. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ आलं. त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं, की फक्त ब्रॉडबँड, डायल-अप नाही, आणि संचाबरोबर हेडसेट द्यायचाच. म्हणजे टाइप करायची गरजच नाही, सरळ बोला. दोन वर्षांनी ९ नोव्हेंबर २००४ ला ‘हेलो २’ आला. त्याआधीची पद्धत अशी, की सर्व्हरच्या यादीतून एक शोधा, आत जा, डाव संपला की पांगा. बंजी कंपनीतल्या मॅक्स होबरमन आणि मंडळींनी हे उलटं केलं. आधी मित्रांची ‘पार्टी’ बनवायची, मग ती पार्टी एकत्रच एका डावातून दुसऱ्या डावात जाणार. त्यांच्या डोक्यात कल्पना होती ती आभासी सोफ्याची. चार मित्र एका सोफ्यावर बसलेत, समोरचे प्रतिस्पर्धी बदलतायत, सोफा तोच.

आता यात ना चौक, ना मॉल, ना बंदराकाठची खोली. पडद्यावर नुसती नावांची यादी. तरी लोक खेळ संपल्यावरही तासन्‌तास तिथेच बोलत बसायचे. म्हणजे जागा व्हायला भिंती लागतातच असं नाही. ‘हा डाव संपला तरी आपण एकत्रच आहोत’ ही खात्री मिळाली की पुरतं.

या पार्श्वभूमीवर सोनीचं ‘होम’ बघा. मार्च २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेम डेव्हलपर्सच्या परिषदेत सोनीच्या फिल हॅरिसन यांनी ते जगापुढे मांडलं. भाषणाचं नाव ‘गेम ३.०’. लंडनच्या स्टुडिओत ते तयार होत होतं आणि मुळात प्लेस्टेशन २ वरच्या एका गेमची लॉबी म्हणून त्याची कल्पना सुचली होती. ते बऱ्याच उशिराने, ११ डिसेंबर २००८ ला ‘ओपन बीटा’ म्हणून उघडलं, आणि शेवटपर्यंत बीटाच राहिलं. जीमेलचा पाच वर्षांचा बीटा आपण कौतुकाने सांगतो, इथे सहा वर्षं बीटा आणि मग थेट समाधी!

सुरुवातीला लोकांनी होमची भरपूर टिंगल केली. मुख्य कारण म्हणजे रांगा. बोलिंगच्या लेन, पूलची टेबलं, आर्केडची यंत्रं मोजकीच. कुणी खेळत असेल तर तुम्ही मागे उभं राहायचं. आभासी जगात रांग? इथे तर एका क्षणात हजार टेबलं तयार करता येतात! समीक्षकांचं म्हणणं तर्काला धरून होतं. पण मला वाटतं रांगेतच त्या जागेचा जीव होता. नाव लिहून मिसळीच्या दुकानाबाहेर ताटकळणारी मंडळी एकमेकांशी बोलायला लागतात, ती भूक लागली म्हणून नव्हे, तर थांबण्यावाचून इलाज नाही म्हणून. कट्टा हा प्रकारच मुळी ‘वाट बघणे’ या क्रियेतून जन्माला येतो. बसची वाट, मित्राची वाट, चहाची वाट.

होमच्या रचनेत विसंगतीही कमी नव्हत्या. युरोप, अमेरिका, जपान आणि उरलेला आशिया, असे त्याचे चार वेगळे विभाग. एका विभागातला माणूस दुसऱ्यातल्याला कधी भेटूच शकायचा नाही. ड्रीमकास्टवर २००० साली जे जमलं होतं ते इथे मुद्दाम नव्हतं. दुसरी विसंगती आणखी मजेशीर. एकाच कन्सोलवर त्रिमित गाव होतं, पण दोन मित्र दोन वेगळे गेम खेळत असतील तर त्यांना एकमेकांशी बोलायची साधी सोय प्लेस्टेशन ३ वर शेवटपर्यंत आली नाही. कारण काय, तर कन्सोलची मेमरी पुरत नाही, असं सोनीच्या शुहेई योशिदा यांनी २०११ मध्ये सांगितलं. बंगला बांधला आणि हाक मारायला खिडकी ठेवायची राहिली.

तरी लोक आले, आणि एक कोटीहून जास्त आले. पैसा कुठून यायचा? आभासी शर्ट, सोफे, घरं यांतून. यावर छोट्या कंपन्या जगल्या. इंग्लंडमधल्या ‘एनड्रीम्स’ने २००९ मध्ये होमच्या आतल्या जागा आणि बाहेरचं महाजाल मिळून एक मोठा रहस्यशोधाचा खेळ रचला. पुढे ही कंपनी व्हीआरकडे वळली. ‘लॉकवुड’ नावाची दुसरी कंपनी इथे कपडे-फर्निचर विकता विकता शिकली आणि नंतर तिने मोबाइलवर तसंच एक जग काढलं. म्हणजे होम अगदीच फुकट गेलं असं नाही.

पण किल्ली कुणाकडे आहे याची चुणूक २०११ मध्येच मिळाली होती. २० एप्रिलला सोनीने प्लेस्टेशन नेटवर्क बंद केलं. आत घुसखोरी झाली होती आणि सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती. तीन आठवड्यांहून जास्त काळ सगळं ठप्प. बातम्या क्रेडिट कार्डांच्या झाल्या, आणि ते रास्तच होतं. पण ज्यांचं रोजचं उठणं-बसणं होममध्ये होतं, त्यांच्या लेखी अख्ख्या गावाला कुलूप लागलं होतं आणि एकमेकांचा दुसरा पत्ता त्यातल्या अनेकांकडे नव्हता.

२०१४ च्या सप्टेंबरात युरोप-अमेरिकेतल्या लोकांना निर्णय कळला. (त्याच महिन्याच्या ३० तारखेला ऑर्कुटनेही राम म्हटला. वाचकांपैकी बऱ्याच जणांचं पहिलं ‘स्क्रॅप’ तिथे असेल!) नोव्हेंबरात होममध्ये नवा माल येणं थांबलं, डिसेंबरात दुकानं बंद झाली, आणि ३१ मार्चला दिवे गेले. प्लेस्टेशन ४ वर ते कधी आलंच नाही. लोकांनी पैसे देऊन घेतलेली घरं, कपडे, सगळं गेलं. शेवटच्या तासांत चौकात जमलेल्या अवतारांची चित्रफीत अनेकांनी करून ठेवलीय. लोक नाचतायत, निरोप घेतायत, आणि मग पडद्यावर संपर्क तुटल्याचा संदेश.

आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत याला ‘सनसेट’ म्हणतात. किती काव्यात्म शब्द! हापिसात अशी बैठक कशी होते हे मला चांगलं माहीत आहे. एका स्लाइडवर वापराचा आलेख खाली जाताना दिसतो, दुसऱ्या स्लाइडवर खर्चाचा तसाच सरळ चालू राहतो, आणि दोन्ही रेषा जिथे छेदतात तिथे तारीख टाकली जाते. यात दुष्टपणा काही नसतो. सर्व्हरला वीज लागते, माणसं लागतात, सुरक्षेचे पॅच लागतात, संगीताचे आणि ब्रँडचे परवाने संपतात. फक्त त्या आलेखावर एक गोष्ट दिसत नाही. उरलेल्या पाच टक्क्यांमध्ये बहुतेक ती माणसं असतात, ज्यांच्यासाठी ही जागा सगळ्यात जास्त मोलाची आहे. वरवरचे लोक आधीच निघून गेलेले असतात.

याचं सगळ्यात हृद्य उदाहरण ‘हेलो २’चं. मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्ससाठीची लाइव्ह सेवा १५ एप्रिल २०१० ला बंद केली. पण डाव चालू असताना तो कंपनीच्या सर्व्हरवर नसायचा, खेळणाऱ्यांपैकीच एकाच्या कन्सोलवर चालायचा. म्हणून ज्यांनी डाव सोडलाच नाही त्यांना कुणी बाहेर काढू शकलं नाही! दहा-बारा-पंधरा जणांनी कन्सोल बंदच केलं नाही. दिवसरात्र चालू. कुणाचं यंत्र तापून बंद पडलं, कुणाचं नेट गेलं. एकदा गेला की परत येणं नाही. एकेक करत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास शेवटचा माणूस तेवढा उरला, आणि मग तोही गेला. कंपनीने बंद केल्यावर जवळजवळ महिनाभर हा कट्टा केवळ काही माणसांच्या घरच्या विजेवर चालला.

आता सगळे धागे एकत्र करू. सॅटेलाव्ह्यूचे गेम्स परत मिळाले, कारण ते लोकांकडच्या पॅकवर होते. आवाज हरवले, कारण ते नव्हते. ड्रीमकास्टचा कट्टा जिवंत आहे, कारण लोकांनी सर्व्हर स्वतः लिहिला. ‘हेलो २’ महिनाभर तगला, कारण डाव लोकांच्या यंत्रावर होता. निन्टेन्डोच्या ‘मीव्हर्स’वर २०१२ ते २०१७ या काळात लोकांनी हाताने काढलेली असंख्य चित्रं टाकली. ती स्वयंसेवकांनी बंद होण्याआधी उतरवून घेतली, तब्बल १७ टेराबाइट. आणि होम? प्रत्येक जागेत पहिल्यांदा पाऊल टाकलं की तिचा विदा तुमच्या प्लेस्टेशनच्या हार्ड डिस्कवर उतरायचा. होमसाठी साधारण ३ जीबी जागा राखून ठेवावी लागायची. लोक तेव्हा या डाउनलोडला वैतागायचे. आज त्याच डिस्क गोळा करून, तुकडा तुकडा जोडून, हौशी मंडळींनी होमच्या कित्येक जागा आणि सर्व्हरही पुन्हा उभा केलाय. ज्या गोष्टीला लोक शिव्या घालत होते, तिनेच गाव वाचवलं!

सूत्र अगदी साधं आहे. जे वापरणाऱ्याच्या हातात होतं ते उरलं, जे फक्त मालकाच्या सर्व्हरवर होतं ते गेलं.

हा प्रश्न आता फक्त हौशी लोकांचा राहिलेला नाही. ३१ मार्च २०२४ ला (पुन्हा तीच तारीख, आणि या कंपनीचंही आर्थिक वर्ष त्याच दिवशी संपतं!) फ्रान्सच्या युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ बंद केला. एकट्यानेही खेळता येणारा, पण सर्व्हरशिवाय न उघडणारा. पूर्ण पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या कपाटात नुसती तबकडी होऊन बसला. त्यावरून रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम सुरू केली. युरोपीय संघात अशा नागरिकांच्या मागणीला दहा लाख सह्या लागतात. जुलै २०२५ मध्ये तो आकडा पार झाला. मागणी ‘सर्व्हर कायम चालवा’ अशी नाहीये. बंद करताना खेळ चालण्याजोगा ठेवून जा, एवढीच आहे. आणि दबाव आल्यावर युबिसॉफ्टने २०२४ मध्येच याच मालिकेतल्या पुढच्या दोन खेळांना ऑफलाइन पर्याय देण्याचं कबूल केलं. म्हणजे करता येतं. अवघड आहे, महाग आहे, पण येतं. सुरुवातीपासून डिझाइनमध्ये धरलं तर बरंच स्वस्तात येतं, हे कुठलाही इंजिनिअर सांगेल.

मी स्वतः कायद्याचा माणूस नाही. पण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी एक म्हणून वाटतं, की कुठल्याही डिझाइनच्या चर्चेत आपण ‘लोड वाढला तर काय?’ असं हमखास विचारतो, तसं एकाने तरी ‘आपण निघून गेलो तर यांच्याकडे काय उरेल?’ असं विचारावं. उत्तर दर वेळी पैशाचंच असेल असं नाही. कधी ते एका एक्स्पोर्ट बटणाचं असेल, कधी प्रोटोकॉलचा कागद खुला करण्याचं, तर कधी नुसतं कॅशे न पुसण्याचं.

असो, लेख बराच लांबला. जाता जाता एक काम सांगतो. तुमच्या घरी, मावसभावाकडे किंवा माळ्यावरच्या खोक्यात जुना प्लेस्टेशन ३ पडला असेल आणि त्यावर कुणी कधी काळी होम उघडलं असेल, तर भंगारात द्यायच्या आधी त्याची डिस्क फॉरमॅट करू नका. होमच्या काही जागा अजून सापडलेल्या नाहीत. त्यातली एखादी कदाचित तुमच्याकडेच असेल.